राणी, पाटील आणि बोरिवली

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. आमच्या घरी कपाटावर पिशव्या कोंबलेल्या असतात, एक ओढायला जावं तर चार डोक्यावर पडतात. हे तसंच आहे. परवा एका बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं सिल्वासाहून मुंबईला जाता तरी कशा?" मी म्हटलं, "राणीने." एवढं बोलून गप्प बसायचं होतं. पण मग देसाईभाईंची चप्पल आठवली, चपलेवरून पाटील आठवला, आणि त्या बाईंचा चहा गार झाला.

आधी कोण कोण ते सांगते. राणी म्हणजे फ्लाइंग राणी. सकाळी सुरतहून मुंबई सेंट्रल, संध्याकाळी मुंबईहून सुरत. इंग्रजांच्या काळापासूनचं नाव. सिल्वासाला कारखाने आहेत, ऑफिसं आहेत, रेल्वे नाही. रेल्वे वापीला. म्हणून शनिवारी उजाडायच्या आत शेअर रिक्षात बसायचं, वापी गाठायची, सव्वासहाच्या सुमारास राणी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी तिनेच परत यायचं. वर्षानुवर्षं हाच कार्यक्रम.

मी सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. आई आणि भाऊ अंधेरीला. लग्न केलं नाही, त्यामुळे इतरांच्या लग्नांबद्दल माझी मतं अगदी पक्की आहेत. गुरवकाका आमचे हेडक्लार्क, मूळ राजापूरचे, बिऱ्हाड दादरला. देसाईभाई वलसाडचे, मुंबईत लग्नपत्रिकांचं दुकान. ते आमच्या आधी चढतात. आणि चौथा पाटील.

पाटील अमळनेरचा. सिल्वासाजवळ मसाटला यार्नच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. बायको सुनंदा बोरिवलीला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स, मुलगी जुई आईजवळ आणि आजीजवळ. तिची नोकरी तिथे जमलेली, आणि ह्याच्या मशिनी मुंबईत उरल्यात कुठे? लग्नाला नऊ वर्षं, आणि नऊही वर्षं संसार शनिवार-रविवारचा! शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून हा आठवडाभर बारा-बारा तास करायचा.

सुनंदा सिल्वासाला राहायला कधी येणार, हा आमच्या चौघांचा कायमचा विषय. मी म्हणायचे, हट्ट धर. गुरवकाका म्हणायचे, अर्ज कर. पाटीलचं म्हणणं एवढंच, "ताई, मले दुसरं काही नको भो. कामावरून आलो की घरात दिवा लागलेला दिसला पाहिजे, बस." हे तो इतक्या साधेपणाने म्हणायचा की पुढे कोणाला चेष्टा सुचायची नाही.

*

आता चप्पल.

राणी वापीला येईपर्यंत भरलेली असते. म्हणून आमच्या तीन जागा धरायचं काम देसाईभाईंचं. वलसाड ते वापी, वीस-पंचवीस मिनिटं किल्ला लढवायचा. पहिल्या जागेवर पेपर, दुसरीवर टिफिन, तिसरीवर छत्री. एका शनिवारी छत्री घरी राहिली. देसाईभाईंनी सरळ पायातली एक चप्पल काढून सीटवर ठेवली, आणि तो पाय धोतरात दडवून बसले.

समोर एक मिशीवाले गृहस्थ उभे. म्हणाले, "ये चप्पल किसकी है?"

"मारा दोस्तनी. बाथरूम गयो छे."

"एक चप्पल पहनके?"

देसाईभाई डोळ्याचं पातं लवेपर्यंतही थांबले नाहीत. "बिचारो लंगडो छे!"

वापीला आम्ही चढलो. देसाईभाईंनी पाटीलच्या कानात एकच शब्द सोडला, "लंगड!" पाटील बिचारा गुणी माणूस, का म्हणून विचारलं नाही. दारापासून सीटपर्यंत असा काही लंगडत आला की मलाच खरं वाटलं. त्याच्या दोन्ही पायांत दोन बूट होते. पण लंगडणाऱ्याच्या पायांकडे बघू नये, असे त्या गृहस्थांवर संस्कार असावेत. त्यांनी हात धरून त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि बोरिवलीला त्याची बॅग स्वतः खाली उतरवून दिली.

प्लॅटफॉर्मवर सुनंदा उभी. गृहस्थ तिला म्हणाले, "बहनजी, इनका ध्यान रखिए. पैर की तकलीफ बहुत है."

सुनंदा घाबरली. "कब से?"

"वापी से!"

*

त्या वेळी राणीला डबलडेकर डबे होते. आम्ही खालच्या मजल्यावर बसायचो. खालचा मजला इतका खाली की खिडकीतून प्लॅटफॉर्मवरची माणसं दिसायचीच नाहीत, फक्त पाय! वर्षानुवर्षं पाय बघून आम्हाला पायांवरून माणसं कळायला लागली. पालघरला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले एक मास्तर होते. त्यांचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही, पण ते रिटायर झाले तेव्हा मला चुकचुकल्यासारखं झालं.

रविवारी संध्याकाळी सुनंदा पाटीलला बोरिवलीला पोचवायला यायची. हा खाली जाऊन बसला की ती खिडकीशी येऊन उभी राहायची. ह्याला दिसायचे तिचे पाय. मग हा गजांतून हात काढून तिच्या अंगठ्यावर बोटाने टकटक करायचा. हा दोघांचा निरोप. आम्ही तिघं त्या वेळी दुसरीकडे बघायचो.

एका रविवारी दोघांचं वाजलं होतं. विषय तोच, सिल्वासा. ती रुसून दोन पावलं मागे उभी, आणि खिडकीशी भलतीच कोणीतरी. चप्पल मात्र तशीच, ब्राऊन, सोनेरी बकलाची! गाडी हलणार म्हणून पाटीलने घाईघाईने हात काढला आणि टकटक केली.

वरून किंकाळी आली. मग एक पुरुष गुडघ्यावर बसला आणि त्याचं लालबुंद तोंड खिडकीत उगवलं. "काय चाललंय हे?"

"सॉरी, सॉरी," पाटील म्हणाला. "सवय आहे हो."

"सवय?"

आता हा मार खाणार, म्हणून मी पर्स सावरली. तेवढ्यात वरून सुनंदाचा आवाज आला, "त्यांना माझ्या पायाची सवय आहे हो! तुमच्या बायकोच्या नाही!" गाडी सुटली. पाटील डहाणूपर्यंत हसत होता. म्हणाला, "बोलली ना पण ताई! सकाळपासून बोलत नव्हती."

*

गुरवकाकांचा किस्सा सांगितला नाही तर ते मला लेखी विचारतील.

आमच्याकडे खानवेलच्या बाजूने बायका जंगलातला मध विकायला आणतात, ज्या मिळतील त्या बाटल्यांत भरून. आणि सिल्वासात सगळ्यात जास्त मिळणारी रिकामी बाटली कसली असते ते सांगायला नको. आमच्या केंद्रशासित हद्दीत दारू चालते, हद्दीबाहेर पाऊल टाकलं की गुजरात, म्हणजे बंदी. वापीच्या रस्त्यावर तपासणी असते. काकांनी दादरच्या मंडळींसाठी मधाच्या तीन बाटल्या घेतल्या. तिन्हींवर रमची लेबलं!

शिपायाने रिक्षा थांबवली. "थेलीमां शुं छे?"

"मध," काका म्हणाले.

शिपायाने बाटल्या बघितल्या. "बधा मध ज कहे छे." सगळे मधच म्हणतात म्हणे.

दुसरा कोणी असता तर हातापाया पडला असता. काका म्हणाले, "चाखून बघा. पण चाखलंत तर तसं लिहून द्यावं लागेल." पाटील घड्याळाकडे बघतोय, मी कपाळाला हात लावलाय, गाडीला पंचवीस मिनिटं राहिलीत! शिपायाने बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. "असली छे," म्हणाला. काकांनी कागद पुढे केला. शिपाईही भला, त्याने लिहून दिलं: मध छे. खाली सही, वेळ. आम्ही वापीचा पूल पळत ओलांडला आणि शेवटच्या डब्यात चढलो.

काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. तीन महिन्यांनी पुन्हा मध, पुन्हा रिक्षा थांबली. शिपाई दुसरा. काकांनी ऐटीत कागद काढून दिला. शिपायाने तो टॉर्च लावून दोनदा वाचला आणि परत दिला. "काका, आ तो पेली बाटलीनो कागळ छे. आ बाटलीनो क्यां छे?"

आम्हाला वाटलं, काका भडकणार. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. प्रत्येक बाटलीची नोंद स्वतंत्र पाहिजे."

*

मधल्या काळात पाटीलसाठी आम्ही प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी बेत आखला. सुनंदा आणि जुईला एक दिवस बोलवायचं, सिल्वासा दाखवायचं. वासोण्याला सिंहांची सफारी आहे. मुलीला सिंह आवडला की अर्धी लढाई जिंकली, असा माझा हिशेब.

दोघी सकाळी आल्या. जेवण माझ्याकडे. पुरी-भाजी, बासुंदी, काही कमी ठेवलं नाही. सुनंदा म्हणाली, "यांची खोली बघू की." पाटील म्हणाला, "कुलूप बिघडलंय." मेंटेनन्सवाल्या माणसाचं कुलूप! मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली.

वासोण्याला बसमध्ये बसलो. जाळीच्या खिडक्यांची बस, आत सगळी पोरं आरडाओरडा करतायत. वळण घेतलं आणि सिंह दिसला! झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून, गाढ झोपलेला. बस थांबली. पाच मिनिटं थांबली. सिंहाने एकदा शेपटी हलवली, ती माशीसाठी.

"उठत का नाही तो?" जुईने विचारलं.

"थकला असेल गं," मी म्हटलं. "मोठा प्राणी आहे."

सुनंदा माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, झोपलेले सिंह आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही आहेत हो. घरापासून दहा मिनिटांवर."

खरंच आहेत! इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. संध्याकाळी दोघींना वापीला गाडीत बसवून आलो. परतीच्या रिक्षात पाटील एकदाच बोलला, "बासुंदी तिला आवडली पण." मला त्या सिंहाचा इतका राग आला म्हणून सांगू!

*

दसऱ्याला रोजचे पासवाले डब्याला झेंडूची तोरणं बांधतात, पूजा करतात, पेढे वाटतात. पुढच्या वर्षी दसरा शनिवारी आला. नारळ फोडायचा मान पाटीलला दिला, कारण आमच्यात हाताला जोर असलेला तोच. वापीच्या प्लॅटफॉर्मवर नारळ फोडायचा आणि गाडी सुटायच्या आत चढायचं.

पाटीलने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने सुरू केलं, "हे देवा, सुनंदाला बुद्धी दे. नाही, तिला बुद्धी आहे, मलाच दे. तिची तिकडे चांगली नोकरी आहे हे मला कळतं. पण जुई दुसरीत गेली, आणि तिचा दात पडलेला मी फोनवर बघतो. तर काहीतरी असं कर की..."

सगळा डबा दारात येऊन ऐकतोय. बायकांनी डोळ्याला पदर लावला. गार्डने शिट्टी दिली.

देसाईभाई डब्याच्या दारातून ओरडले, "अरे पाटील, शॉर्टमां बोल! भगवान पासे टाइम छे, गाडी पासे बे मिनिट छे!"

नारळ फुटला. एक भकल रुळांवर गेलं, दुसरं घेऊन पाटील चालत्या गाडीत चढला. मागणं अर्धंच राहिलं म्हणून तो पालघरपर्यंत हळहळत होता.

*

हसायचं थोडं बाजूला ठेवते, कारण पुढची गोष्ट तशी नाही.

पाटीलला डेंग्यू झाला. अंगात एकशे दोन ताप, आणि हा मला शपथ घालतो, "सुनंदाला सांगायचं नाही. तिची तिकडे ड्युटी, जुईची परीक्षा." म्हणून त्या शनिवारी मी सिल्वासाला थांबले, त्याच्या खोलीवर पेज घेऊन गेले. गुरवकाका एकटेच राणीने गेले. जाताना पाटीलने त्यांना बजावलं, "बोरिवलीला ती स्टेशनावर असेल. कंपनीत शटडाऊन आहे, सांगा."

आता काकांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची परवानगी नाही. बोरिवलीला गाडी थांबली. जुई उकिडवी बसून खिडकीत डोकावली, "बाबा कुठेत?" मागे सुनंदाचे पाय. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रकरण विचाराधीन आहे."

एवढं पुरे झालं. नर्स ती! गुडघे टेकून तिने काकांचं तोंड बघितलं आणि विचारलं, "ताप किती आहे?"

त्याच संध्याकाळी राणीने ती वापीला उतरली, रिक्षा करून पत्ता शोधत आली. दार मी उघडलं. तिने आधी त्याची नाडी बघितली, गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघितली, पाणी किती प्यायला ते विचारलं. मग हात धुवायला मोरीकडे गेली आणि तिथल्या फळीसमोर उभीच राहिली.

फळीवर एक ताट होतं. एक वाटी, एक पेला, एक चमचा. नऊ वर्षांत त्या घरात दुसरं ताट आलेलं नव्हतं. त्या दिवाळीत कुलूप का बिघडलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"अहो," तिने विचारलं, "मी जेवू कशात?"

पाटील तापात होता. म्हणाला, "तू जेवून घे आधी. मग मी त्यातच घेईन."

सुनंदा तिथेच भिंतीला टेकून बसली आणि रडली. मीही रडले, लपवत नाही. घरी जाऊन माझी दोन ताटं, दोन पेले घेऊन आले. वाटेत स्वतःलाच शिव्या दिल्या. आम्ही तिला सिंह दाखवायला निघालो होतो, आणि दाखवायचं होतं हे!

महिन्याभराने तिने बोरिवलीला नोटीस दिली. सिल्वासाच्या एका हॉस्पिटलात मुलाखतीला गेली, दोन दिवसांत बोलावणं आलं. जुईची परीक्षा झाली की यायचं ठरलं. पाटीलने दोन खोल्यांची जागा बघितली. गुरवकाकांनी सहा ताटांचा सेट आणला आणि म्हणाले, "तीन जादा आहेत. अभ्यागतांसाठी."

आजीचा प्रश्न होता. आजी म्हणाली, "मी माझ्या घरात बरी आहे. माझा धाकटा मुलगा येईल इकडे राहायला. तुम्ही जा." झालं, मिटलं!

*

त्याच सुमाराला राणीचे डबलडेकर डबेही गेले. नवे लाल डबे आले. चांगले आहेत, स्वच्छ आहेत. खिडकीतून आता माणसांचे चेहरे दिसतात. देसाईभाईंना ते काही आवडलं नाही. म्हणाले, "चहेरा तो बधाना सरखा." तरी आमच्या तीन जागा ते धरतातच, आता छत्री कायम बॅगेत असते.

*

तर शेवटचं.

सुनंदा आणि जुई गुरुवारी सामानासकट आल्या. मी रजा टाकली, काकाही अर्धा दिवस आले. टेम्पो उतरवला, गॅस जोडला, संध्याकाळी नव्या ओट्यावर सुनंदाने शिरा केला, तो आम्ही पाचही जणांनी नव्या ताटांत वाढून खाल्ला. पाटील नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. दिवे लावत होता, बंद करत होता, पुन्हा लावत होता.

"आता शनिवारी काय रे?" मी विचारलं.

"शनिवारी?" तो म्हणाला. "दहा वाजेपर्यंत उठणार नाही ताई. नऊ वर्षांची झोप आहे माझी! दुपारी तिघं मिळून पडदे लावू." सुनंदा म्हणाली, "बघते ना मी, कसे झोपता ते."

शनिवारी पहाटे नेहमीची रिक्षा आली. मी बसले, पुढे काका बसले. नाक्यावर रिक्षा थांबली, पाटील बसला. गार वारं होतं, तिघांनीही कानाला रुमाल बांधलेले. काकांनी विचारलं, "झोप झाली का?" तो म्हणाला, "झाली." वापी आली. प्लॅटफॉर्मवर चहा घेतला. राणी वेळेवर आली. देसाईभाईंनी पेपर, टिफिन, छत्री उचलली, आम्ही बसलो. पाटील नेहमीसारखा खिडकीशी, मांडीवर जुईसाठी घेतलेला नानकटाईचा पुडा.

खरं सांगते, मला काहीही खटकलं नाही. परवा ज्या घरी शिरा खाऊन आले, त्या घरचा माणूस माझ्या समोर बसलाय, आणि मी त्याच्याशी सरकारी घरांच्या गळतीवर बोलतेय! काकांनाही नाही, देसाईभाईंना तर त्याहून नाही. चार शहाणी माणसं, चौघांचं वय मिळवलं तर दोनशेच्या वर जाईल!

डहाणूला गाडी थांबली आणि पाटीलचा फोन वाजला. जुईचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्याचा फोन गाडीत नेहमी स्पीकरवर असतो. त्याने सवयीने बटण दाबलं.

"अहो, कुठे आहात?" सुनंदाचा आवाज. "दूध आणायला इतका वेळ? उठले तर तुम्ही नाहीत, चपलाही नाहीत."

पाटीलने फोनकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. मग आमच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि त्याच्याकडे बघून आमच्याही एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. देसाईभाईंच्या हातातला पेपर खाली गेला.

"अहो, बोला ना! बरं आहे ना?" तिचा आवाज बदलला. "आणि हा कसला आवाज? हे चिकूवाले कुठून आले?"

खिडकीशी टोपली घेऊन उभा असलेला माणूस आणखी मोठ्याने ओरडला, "चिकूऽऽ, डहाणूचे चिकू!"

तेवढ्यात फोनमध्ये मागून जुईचा आवाज आला, झोपेतून नुकतीच उठलेली, जराही आश्चर्य नाही.

"अगं आई, आज शनिवार ना? बाबा आपल्याकडे यायला निघाले असतील!"

पाटील उठला. पुडा काखेत धरला, बॅग खांद्याला लावली.

"हो बेटा," तो म्हणाला, "निघालोच आहे." आणि डहाणूला उतरला.